तीन मैलांच्या आतलं पाणी

१

महादेवच्या लाँचमध्ये प्रेत सापडलं शुक्रवारी सकाळी सहाला. बर्थाबाईंना ते कळलं साडेनवाला, बहरीनमध्ये, मनामातल्या चर्चच्या पायऱ्यांवर.

मिस्सा आटोपून त्या बाहेर आल्या तेव्हा खाली मथुरा उभी होती. बुदैयाच्या रस्त्यावर एका बंगल्यात मुलं सांभाळणारी ही देवगडकडची बाई चर्चच्या वाटेला कधी आली नव्हती. सप्टेंबरातल्या दमट उन्हात तिची साडी पाठीला चिकटली होती.

"बाय, माझ्या भावाक पोलिसांनी नेल्यानी," ती म्हणाली. "तुमी वकिलाकडे कामाक आसात म्हणान इलंय."

बर्थाबाई वसईच्या. चोविसाव्या वर्षी बहरीनला आल्या त्या इंग्रजांच्या कोर्टात शॉर्टहँड घ्यायला. तेव्हा या बेटावर एका गल्लीत दोन न्याय होते: इथल्या माणसाने गुन्हा केला तर इथलं कोर्ट, परक्याने केला तर इंग्रजांचं. निम्मा दिवस आरोपी कोणाचा हे ठरवण्यातच जाई. एकाहत्तर साली इंग्रज गेले, ते कोर्ट उठलं आणि बर्थाबाई अहमद वकिलांच्या ऑफिसात आल्या. त्यालाही आता बारा वर्षं झाली होती.

तिथेच पायरीवर बसून त्यांनी मथुराकडून सगळं काढून घेतलं. भाऊ महादेव लाँचचा तांडेल. बाहेर नांगरलेल्या जहाजांची माणसं किनाऱ्यावर आणायची आणि परत सोडायची, हे त्याचं काम. सकाळी तो लाँचवर गेला तर ताडपत्रीखाली एक माणूस. बुडून मेलेला, कपडे चिंब, एका घोट्याला लाँचचाच दोर. महादेवनेच ओरडून पहारेकऱ्याला बोलावलं, आणि तासाभराने पोलिसांनी महादेवलाच गाडीत बसवलं.

"माणूस कोण?"

"त्या चिन्यांच्या जहाजावरचो. चान म्हणान. तारवाला."

म्हणजे रेडिओ ऑफिसर. "महादेवचं त्याच्याशी काही वाकडं होतं?"

मथुरा पदर चाळवत म्हणाली, "गेल्या आयतवारी भांडण झाला. तो चालत्या लाँचीतसून उडी मारी आणि पोहत धक्क्याक जाय. म्हादेवान सगळ्यांसमोर सांगल्यान, परत उडी मारलंस तर मीच तुका बुडवीन."

बर्थाबाई उठल्या. चालताना त्यांना एकच गोष्ट खटकत राहिली. हौसेने समुद्रात उडी घेणारा माणूस बुडून मेला होता.

२

शनिवारी सकाळी अहमद वकिलांच्या ऑफिसात चार खुर्च्या कमी पडल्या. लाँचच्या मालकाने महादेवसाठी अहमदना वकील दिलं होतं. बंदराचे पोलीस अधिकारी फाईल घेऊन आले होते. जहाजाच्या कंपनीचा इंग्रज वकील दुबईहून आला होता. चौथे होते श्री. सुंग, चिनी वकिलातीचे. बहरीनमध्ये चीनची वकिलात नव्हती, म्हणून ते कुवेतहून आले होते, चार दिवसांच्या परवान्यावर.

बर्थाबाई कोपऱ्यात वही उघडून बसल्या.

जहाजाचं नाव 'जेड हार्बर'. नोंदणी हाँगकाँगची, म्हणजे झेंडा इंग्रजी. निम्मे खलाशी हाँगकाँगचे, निम्मे पलीकडच्या ग्वांगतुंग प्रांतातले, चिनी सरकारी खात्याने पाठवलेले. गोदीत दुरुस्तीसाठी जागा मिळेपर्यंत जहाज दोन मैलांवर नांगरून होतं. मंगळवारी ते गोदीत जाणार होतं आणि सात खलाशी विमानाने घरी.

"माणूस गुरुवारी रात्री आठच्या फेरीत जहाज सोडून गेला," इंग्रज वकील म्हणाला. "लाँचच्या फेरीवहीत त्याची सही आहे. पुढे काय झालं ते जहाजाबाहेरचं. हाँगकाँगच्या कोर्टाचा संबंध नाही."

"हाँगकाँगच्या कोर्टाचा संबंध कशाशीच नाही," सुंग शांतपणे म्हणाले. "चान आमचा नागरिक होता. चीनच्या माणसाचा न्याय परक्या वसाहतीतलं कोर्ट करू शकत नाही."

"चानकडे हाँगकाँगचे कागद होते. एकोणऐंशी साली तो तुमच्याकडूनच खाडी पोहून आला होता, मिस्टर सुंग. सात तास."

त्या महिन्यात पेकिंगमध्ये हाँगकाँगच्या भवितव्याची बोलणी अडून बसली होती, आणि दोघांनाही वरून सांगून ठेवलेलं असावं की एक शब्द मागे घ्यायचा नाही.

पोलीस अधिकारी सभ्य माणूस होता. त्याने फाईल उघडली. सलमानिया इस्पितळाच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं: मृत्यू बुडून, मानेमागे हाताच्या दाबाचे वळ, वेळ गुरुवारी संध्याकाळी सहा ते नऊ. "तांडेल म्हणतो चान लाँचमध्ये चढलाच नाही. सही म्हणते चढला. बाकीच्यांना अंधारात कोण कोण होतं ते आठवत नाही. धमकी पाच जणांनी ऐकली. मी काय करू?"

"जहाज पाहू द्या," अहमद म्हणाले. "जबाब इंग्रजीत घेऊ, तिघांनाही प्रत देऊ. मिस बर्था घेतील."

अधिकारी तयार झाला. पण निघताना दारात थांबून म्हणाला, "मंगळवारी दुपारी दोनचं विमान आहे. त्यानंतर ती सात माणसं मला कुठून आणता येणार?"

३

रविवारी 'जेड हार्बर'ची शिडी चढताना बर्थाबाईंचे गुडघे बोलत होते. वारा पडलेला, समुद्र तेलासारखा, आणि लोखंडावर हात ठेवला की चटका.

कॅप्टन म्हातारा स्कॉटिश होता. त्याने सरळ सांगितलं, "मला चिनी येत नाही. गुरुवारी रात्री मी झोपलो होतो. माझ्या चीफ स्टुअर्डचं इंग्रजी उत्तम आहे, तो दुभाष्या म्हणून बसेल."

चीफ स्टुअर्ड लाम पन्नाशीचा, गोरटेला, पांढऱ्या शर्टाची घडी न मोडलेला. जेवणखाण, चादरी, कपाटांच्या किल्ल्या सगळं त्याच्याकडे. त्याने बर्थाबाईंना पंख्याखालची खुर्ची दिली, स्वतः चहा ओतला.

"तुम्ही गुरुवारी किनाऱ्यावर गेला होतात?" अहमदनी त्याला विचारलं.

"हो, आठच्याच फेरीत. भाजीवाल्याला ऑर्डर द्यायला. चानही होता, मागे बसला होता. धक्क्यावर उतरल्यावर तो मागे राहिला. मी वळून पाहिलं नाही, याचं आता वाईट वाटतं."

"त्याचं जहाजावर कोणाशी वैर?"

लाम थोडा घुटमळला. "बोसन, हो नावाचा. तो पलीकडचा, सरकारने पाठवलेला. चान देश सोडून पळालेला. समजून घ्या तुम्ही."

बोसन हो, खलाशांचा मुकादम, आत आला तो टोपी हातात चुरगाळत. काळा, आडवा, इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. अहमदनी प्रश्न केला, लामने चिनीत विचारला आणि बोसन बोलायला लागला. बोलतच राहिला. हाताने काहीतरी खोली दाखवली, चार बोटं आडवी धरून दाखवली, छताकडे बोट केलं, मग छातीवर हात ठेवून खालच्या आवाजात आणखी काही.

बर्थाबाईंची पेन्सिल चालत होती. जुनी सवय. इंग्रजांच्या कोर्टात साक्षीदार फारसीत बोले, बलुचीत बोले, आणि जजला दुभाष्याचा भरवसा नसे. "अर्थ नको, आवाज लिही," तो सांगे. शॉर्टहँड आवाजाचंच असतं. भाषा कुठली का असेना, कानावर पडलं ते कागदावर येतं.

बोसन थांबला. लामने चमच्याने चहा ढवळला, चमचा बशीत ठेवला आणि म्हणाला, "तो म्हणतो, गुरुवारी संध्याकाळी तो टाक्यांतलं पाणी मोजत होता. त्याने काही पाहिलं नाही. चानबद्दल त्याला काही बोलायचं नाही."

"एवढंच?"

"खेडवळ माणूस आहे. तेच तेच बोलतो."

बर्थाबाईंनी वहीकडे पाहिलं. पाऊण पान भरलं होतं. कुठल्याच शब्दाचा अर्थ त्यांना कळत नव्हता, पण एक आवाज सगळ्या पानभर विखुरलेला होता: 'सोई'. आणि एक दुसरा तीनदा आला होता. तो मात्र त्यांना ओळखू आला.

'लाम'.

लामने सांगितलेल्या इंग्रजी जबाबात लामचं नाव एकदाही नव्हतं.

४

सोमवारी सकाळी पोलीस चौकीत महादेवला बर्थाबाईंसमोर आणलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. बर्थाबाईंना पाहून तो हात जोडायला गेला.

"हात जोडू नकोस, आठव," त्या म्हणाल्या. "गुरुवारी आठच्या फेरीत किती माणसं?"

"पाच. मी मोजूनच काढतंय, बाय."

"वहीत सह्या सहा आहेत."

"वही मी बघूक नाय. ती शिडीवरच भरतत. माका चिनी खंय वाचूक येता?"

"माणसांशिवाय काय होतं लाँचमध्ये?"

"काय नाय." मग कपाळाला आठ्या घालून, "धोब्याचा बोचका होता. चादरींचा. स्टुवर्टाचा. क्रेनीन उतरवल्यानी, मरणाचा जड. मी इचारलंय, इतक्या जड कित्याक? तर तो म्हणालो, ओले आसत."

बर्थाबाईंनी लिहिणं थांबवलं. "मग?"

"तो म्हणालो, आता रवान दे, सकाळी धोब्याची गाडी येतली. तू घराक जा. म्हणान मी गेलंय."

"आणि सकाळी बोचकं होतं?"

महादेव त्यांच्याकडे बघतच राहिला. प्रेत बघितल्यावर बोचक्याची आठवण कोणाला राहणार? "नाय," तो हळूच म्हणाला. "बोचका नव्हता."

बर्थाबाईंना खुर्चीत बसवेना. त्यांनी अधिकाऱ्याकडे प्रेताच्या कपड्यांची यादी करायची परवानगी मागितली. वकिलातीला ती द्यावीच लागणार होती, त्यामुळे हरकत नव्हती. मागच्या व्हरांड्यात कपडे शुक्रवारपासून दोरीवर होते. गडद निळी पँट, तसाच शर्ट, एक कॅनव्हासचा बूट.

"दुसरा बूट?"

"मिळाला नाही. समुद्रात गेला असेल."

त्यांनी पँट हातात घेतली. मऊ होती. शिवणीवरून बोट फिरवलं, खिसा उलटा केला, मग अधिकारी बघतोय याची पर्वा न करता शिवणीला जिभेचं टोक लावलं.

त्यांचे वडील वसईच्या मिठागरात मुकादम होते. संध्याकाळी त्यांची पँट दोरीवर वाळत घातली की सकाळी ती लाकडासारखी ताठ होई आणि निळ्या कापडावर पांढरे नकाशे उमटत. आई ती आधी झटके, मग भिजवी. लहानपणी शिवणीतलं मीठ बर्थाबाई नखाने काढत.

इथे काहीच नव्हतं. ना पांढरा डाग, ना खारट चव.

"हा माणूस बुडाला," त्या म्हणाल्या, "पण समुद्रात नाही. हे कपडे गोड्या पाण्यात भिजलेत."

अधिकाऱ्याने पँट घेतली, स्वतः उन्हात धरून पाहिली. मग त्याने आतून फेरीवही मागवली.

तिथून बर्थाबाई टॅक्सी करून सूकमध्ये, जुन्या बाजारात, गुंडूच्या लाँड्रीत गेल्या. कोल्हापूरकडचा गुंडू बंदरातल्या सगळ्या जहाजांच्या चादरी धुई.

"जेड हार्बर? बुधवारीच येऊन गेल्या की चादरी," इस्त्री बाजूला ठेवत तो म्हणाला. "गुरुवारी न्हाई, शुक्रवारी तर न्हाईच. शुक्रवारी गाडी भायेर काढतोय कोण, बाई? आणि ओल्या चादरी? ओल्या करून धुवायला द्यायला त्यांस्नी काय खूळ लागलंय?"

५

सुंग यांचा मुक्काम मनामातल्या एका हॉटेलात होता. संध्याकाळी अहमद आणि बर्थाबाई तिथे पोचले तेव्हा ते लॉबीत येरझारा घालत होते. परवाना उद्या संपत होता.

बर्थाबाईंनी आधी फेरीवही पुढे केली. अधिकाऱ्याने ती अहमद यांच्या सहीवर दिली होती. शेजारी त्यांनी चानचं खलाशी कार्ड ठेवलं. दोन्हीकडे चानच्या नावाची सही चिनीत होती.

"मला वाचता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण ही दोन चित्रं वेगळी दिसतात. कार्डावर अक्षराचा उजवा भाग मोकळा आहे. वहीत तिथे चौकट आहे, आत रेघा."

सुंग यांनी चष्मा लावला. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "आडनाव तेच. पण आमच्याकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अक्षरं सोपी केली. चान आमच्या शाळेत शिकला, तो सोपंच लिहिणार. हे जुनं वळण आहे. हाँगकाँगच्या शाळेतलं."

"बोसन हो कसं लिहील?"

"तोही आमच्याच शाळेतला. सोपं." त्यांनी वही मिटली. "ही सही बोसन होने केलेली नाही. हे मी लिहून देतो. आनंदाने देतो."

"एवढ्याने भागणार नाही," अहमद म्हणाले. "सही दुसऱ्याची एवढंच ठरतं. मिस बर्था, ते वाचा."

बर्थाबाईंनी शॉर्टहँडची वही काढली. त्यांना संकोच वाटला. बावन्नाव्या वर्षी, हॉटेलच्या लॉबीत, न येणाऱ्या भाषेत मोठ्याने वाचायचं. "तुम्हाला दक्षिणेकडची बोली येते ना?"

"मी कँटनचाच आहे."

त्या वाचू लागल्या. अडखळत, तुकड्या-तुकड्याने, जसं कानावर पडलं होतं तसं. पहिल्या ओळीला सुंग हसू दाबत होते. सूर सगळे चुकत होते, लहान मुलाने म्हणावं तसं. दुसऱ्या ओळीला ते थांबले. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर करून तो तुकडा पुन्हा वाचायला लावला, आणि स्वतःच नीट सुरात पुटपुटले.

पान संपलं तेव्हा ते खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या चहावर साय धरली होती.

"हे कोण कोणाला सांगत होतं?" त्यांनी विचारलं.

"बोसन सांगत होता. आम्हाला. लामच्या तोंडून."

"म्हणजे त्याने हे लामच्या समोर सांगितलं?" सुंग उठून उभे राहिले. "बोसन आज कुठे आहे?"

"जहाजावर."

"आणि लाम?"

अहमद तोपर्यंत टेलिफोनकडे निघाले होते.

६

मंगळवारी सकाळी दहाला बंदराच्या पोलीस चौकीत सगळे जमले. बोसन आदल्या संध्याकाळपासूनच तिथे होता. पोलिसांनी त्याला 'कागदावर अंगठा हवा' म्हणून उतरवून आणलं होतं. लाम विमानाला जायच्या तयारीने आला, हातात बॅग, अंगात कोट. त्याला सांगितलं होतं की जबाब पक्का करायला दुभाष्या हवा.

"पुन्हा वाचून दाखवायचा आहे ना? चला," तो म्हणाला. "मला दोनचं विमान आहे."

"वाचते मीच," बर्थाबाई म्हणाल्या आणि बोसनचे शब्द बोसनच्याच बोलीत वाचू लागल्या.

बोसनने मान वर केली. आधी त्याला नवल वाटलं, मग तो जोरजोराने मान डोलवायला लागला. लामने बॅग खाली ठेवली. ठेवताना ती आडवी पडली, ती त्याने उचलली नाही.

सुंग यांनी एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. 'सोई' म्हणजे पाणी. जहाजावर पाण्याचं रेशनिंग होतं. बोसन रोज टाकी मोजे. गुरुवारी संध्याकाळी सहा ते सातच्या दरम्यान गोड्या पाण्याची टाकी चार बोटं उतरली. तो शोधत वर गेला तर जहाजाच्या मालकासाठी राखलेल्या बंद केबिनमध्ये पाणी वाहत असल्याचा आवाज. तिथे बाथटब आहे. किल्ली लामकडे असते. त्याने लामला विचारलं, लाम म्हणाला, नळ गळतोय, मी बघतो. 'लामलाच विचारा, तो इथेच बसलाय,' असं बोसन म्हणाला होता.

"आणि शेवटचं," सुंग म्हणाले. "चानने बोसनला आठवड्यापूर्वी सांगितलं होतं: एकोणऐंशी साली ज्या नावाड्याने आम्हाला खाडी पार करायला घेतलं, तो या जहाजावर आहे. पोलिसांची बोट दिसल्यावर त्याने अकरा माणसं चिखलाच्या बेटावर उतरवली आणि भरतीत सोडून गेला. माझा धाकटा भाऊ त्यात होता. मी पोहून वाचलो. गोदीत लागलो की कॅप्टनला सांगणार. कोण, हे चानने सांगितलं नाही."

अहमदनी दोन टेलेक्स टेबलावर पुढे सरकवले.

"तुमचे दोन्हीकडचे कागद मी काल रात्रभर टेलेक्सवर मागवले," अहमद म्हणाले. "हाँगकाँगच्या कोर्टाचं त्या नावाड्यावर वॉरंट आहे. शेरा असा: आरोपी चीनमध्ये पळाला. ग्वांगतुंगच्या पोलिसांचंही आहे. शेरा: आरोपी हाँगकाँगमध्ये लपला. चार वर्षं दोघंही एकमेकांकडे बोट दाखवताहेत. आणि नावाड्याने नवीन नाव घेतलं, पांढरा शर्ट घातला आणि जहाजावर चढला."

"हा सगळा तर्क आहे," इंग्रज वकील म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

बर्थाबाईंनी वही मिटली. "तर्क म्हणून ऐका. चानने आपल्याला ओळखलंय हे लामने ताडलं. काहीतरी निमित्त काढून त्याला मालकाच्या केबिनमध्ये बोलावलं. टबात मान दाबून बुडवलं. ओलं प्रेत चादरींच्या पिशवीत घालून क्रेनने लाँचमध्ये उतरवलं. शिडीवरच्या वहीत चानचं नाव लिहिलं, पण आपल्या शाळेतल्या वळणाने. महादेवला घरी धाडलं, परत येऊन प्रेत ताडपत्रीखाली ठेवलं, घोट्याला दोर बांधला आणि पिशवी घेऊन दुसऱ्या लाँचने जहाजावर गेला."

"समुद्रातच का नाही टाकलं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मग माणूस हरवला असता, आणि हरवलेल्या माणसासाठी जहाजाचा कोपरा न कोपरा शोधला असता. प्रेत सापडायलाच हवं होतं, आणि सापडायला हवं होतं किनाऱ्यावर. महादेवने धमकी दिलीच होती, ती कामाला आली. एकच राहिलं. समुद्रात बुडालेल्या माणसाच्या अंगावर मीठ असतं."

अधिकाऱ्याने टेबलाचा खण उघडून एक कॅनव्हासचा बूट ठेवला. "आज पहाटे केबिन उघडली. टबाच्या मागे, पाइपाखाली होता. चादरींची पिशवी स्टुअर्डच्या कोठीत, अजून ओली."

लामने बुटाकडे पाहिलं. मग त्याने कोटाचं बटण काढलं आणि खुर्चीत बसला. थकलेला माणूस घरी येऊन बसतो तसा.

"कुठल्या कोर्टात?" त्याने विचारलं.

इंग्रज वकिलाने आणि सुंग यांनी आपापले कागद पुढे ओढले.

"मी विचारतो, कारण हे दोघे साहेब आता सुरू होतील. जहाज इंग्रजांचं. मेलेला चीनचा. मी कोणाचा, ते मलाही सांगता येत नाही. चार-पाच वर्षं जातील. मला घाई नाही."

आणि खरंच, इंग्रज वकील म्हणाला, "झेंडा आमचा असल्याने प्रथम अधिकार..." आणि सुंग त्याच क्षणी म्हणाले, "दोन्ही चिनी नागरिक असल्याने..." दोघं एकमेकांवर बोलत राहिले. बर्थाबाईंना वीस वर्षांपूर्वीच्या दुपारी आठवल्या. तेव्हाही आरोपी असाच मधे बसलेला असे आणि त्याच्या डोक्यावरून कायदा इकडून तिकडे जाई.

अधिकाऱ्याने भिंतीवरचा नकाशा काढून टेबलावर पसरला. जहाजाच्या जागी टाचणी होती, आणि बेटाभोवती पेन्सिलीची रेघ.

"ही तीन मैलांची रेघ. तिच्या आतलं पाणी आमचं," तो म्हणाला. "जहाज दोन मैलांवर. प्रेत माझ्या धक्क्यावर. तुम्ही दोघं तुमच्या सरकारांना हवं ते लिहा. मी वाचेन, उत्तरही देईन. तोवर हा माणूस इथे राहील. खलास."

त्याने शिपायाला खूण केली. लाम उठताना पहिल्यांदाच धडपडला. त्याने पडलेल्या बॅगेकडे हात केला, तर शिपायाने ती आधीच उचलली होती.

७

महादेवला त्याच दुपारी सोडलं. मथुरा फाटकाशी टिफिन घेऊन उभी होती. तो तिच्याशी न बोलता आधी धक्क्यावर गेला, लाँचचा दोर तपासला, इंजिनावर हात ठेवला. मग तिथेच जेवायला बसला. बर्थाबाईंना म्हणाला, "बाय, मी तेका बुडवीन म्हटलंय खरा. पण तो उडी मारी तेव्हा मी इंजिन बारीक करी. तेचो पाय लाँचीच्या पंख्यात गावात म्हणान." आणि त्याने अर्धा डबा तसाच झाकून ठेवला.

लामवर कोणाचा अधिकार, याची पत्रं पुढे वर्षभर येत राहिली. लंडनहून, पेकिंगहून, हाँगकाँगहून. बहरीनच्या कोर्टाने त्यांची वाट पाहिली नाही.

प्रेताचं मात्र वेगळंच झालं. माणूस आमचा, असं जी दोन सरकारं ठासून सांगत होती त्यातल्या कोणीच ते मागितलं नाही. मागितलं बोसन होने. चानची आई ग्वांगतुंगमधल्या एका खेड्यात होती. एक मुलगा चिखलात गेलेला. दुसरा तरी तिला दाखवायला न्यायचा, एवढंच त्याचं म्हणणं.

पेटी हाँगकाँगवरून जाणार, तिथून सरहद्द ओलांडून पलीकडे. म्हणजे दोघांचेही कागद लागणार. इंग्रज वकील 'चीनचा नागरिक' लिहिलेल्या कागदावर सही करेना. सुंग 'हाँगकाँगचा रहिवासी' लिहिलेल्या कागदावर करेनात. त्यांचा परवाना आणखी दोन दिवस वाढवून घ्यावा लागला. तिसऱ्या दिवशी बर्थाबाईंनी मशीनवर दोन वेगळे कागद टाइप केले, एका खोलीत एकाची सही घेतली, दुसऱ्या खोलीत दुसऱ्याची, आणि दोघांनाही दुसरा कागद दाखवला नाही.

शुक्रवारी विमानतळावरच्या माल विभागात त्या बोसनबरोबर गेल्या. खिडकीतल्या क्लार्कने दोन्ही कागद समोर ठेवले, एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं.

"मॅडम, माणूस एकच ना? मग यातला खरा कुठला?"

बोसनला शब्द कळले नव्हते, पण प्रश्न कळला. तो बर्थाबाईंकडे बघत होता, टोपी हातात चुरगाळत.

"हाँगकाँगला उतरल्यावर हा दाखवायचा," त्या क्लार्कला म्हणाल्या, "आणि सरहद्दीवरचा पूल ओलांडल्यावर हा. दोन्ही लावा. नीट टाचा, वाटेत सुटता कामा नयेत."

क्लार्कने खांदे उडवले आणि स्टेपलर शोधायला आत गेला. बोसनने पेटीवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात पेटीला काहीतरी सांगितलं. बर्थाबाईंची बोटं पर्सवर हलली, जणू पेन्सिल हातात आहे. मग त्यांनी मूठ मिटली आणि नजर खिडकीकडे वळवली.